वीतभर बुडखा

कातळवाडी, ता. देवगड
१४ नोव्हेंबर २०२३

प्रिय बाबा,
सप्रेम जय भीम.

मायशी फोनवर बोलणं होतं. ती बोलते तेव्हा तुम्ही शेजारी बसून तिच्या तोंडाकडे पाहत असता, आणि फोन ठेवल्यावर ती तुम्हाला एवढंच सांगते की जेवला, बरा आहे. जिनिंगच्या मशीननं तुमचे कान नेले, पण वाचता तुम्हाला चांगलं येतं. म्हणून यापुढे पत्र लिहिणार. मायलाही वाचून दाखवा.

एम.एस्सी. होऊन पोरगा समुद्रावर करतो तरी काय, असं तुम्ही निघताना विचारलं होतं. मी शेवाळ पाहतो. आपल्या विहिरीच्या पायरीवरचं नाही. हे कमरेएवढं झुडूप असतं, तपकिरी, पानं असलेलं, आणि अंगभर मटाराएवढे हवेचे फुगे. त्या फुग्यांमुळे ते पाण्यात उभं राहतं. त्याला मूळ नसतं. खाली एक चकती असते, ती खडकाला चिकटलेली. अन्नपाणी सगळं ते अंगानंच घेतं. ओहोटीला इथल्या बाया खडकांवर उतरतात, शेवाळ काढून वाळवतात, आणि एक व्यापारी ते घेऊन जातो. तुळशीरामकाका मिरचीवर जी काळी बाटली फवारतात ना, ती याचीच.

काढल्यावर ते परत कसं येतं, हे पाहायचं माझं काम. एका खडकावर आम्ही विळ्यानं कापलं आणि खाली वीतभर बुडखा ठेवला. शेजारच्या खडकावर बाया नेहमी काढतात तसं चकतीसकट उपटू दिलं. तिसऱ्यावर लाल रंग मारून ठेवला, त्याला कोणी हात लावायचा नाही.

मी जिच्याकडे खोली घेतली आहे ती जयवंतीकाकू मला हसते. खडक निसरडा, पाणी परत चढत असतं, कापत कोण बसणार? म्हणते, "ओढला म्हणून काय झाला? दर्यो परत देता."

मायच्या पायावरची सूज उतरली का? ती फोनवर सांगत नाही. तुम्ही सांगा.

तुमचा,
प्रसेनजित

*

धामणखेड, ता. संग्रामपूर
९ डिसेंबर २०२३

चि. प्रसेनजित,
तुले आमचा दोघाईचा जय भीम.

तुयं पत्र पोस्टमननं तुया काकाच्या पोरीपाशी, महामायेपाशी देलं, तिनं आनून देलं. तुया मायले वाचून दाखवलं. तिनं आनखी एकडाव वाचाले लावलं. मंग इचार करत बसली. म्हने, मुई नाई त इतक्या लाटाईत ते वाहून काऊन जात नाई? मले का ठाऊक. त्याले इचारा म्हने.

सुजीचं तू इचारलं. खरं सांगतो, कारन ती सांगनार नाई. सूज आता तोंडावर आली हाय. शेगावले रक्त तपासलं त डॉक्टरनं कागदावर लिहून देलं का दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनडाव मशीनवर न्या लागते. जाताना ती खिडकीपाशी बसते, येताना तिले कायी दिसत नाई, मी तिचं डोकं खांद्यावर धरून बसतो. सहा तारखेले विहारात यायचंच म्हने. नेलं. भिताडाले टेकून बसली, वंदना होईलोक उठली नाई.

गावात हे नवं नाई, तुले मालूम हाय. भगवानरावची बायको अशीच गेली, तिच्या आंधी त्याचा भाऊ. बोअरचं पानी खारं हाय हे माया आज्यापासून सारे म्हनत आले, अन् सारे पेत आले. आता फिल्टरचे जार येतात. डॉक्टर पक्कं सांगत नाई का पान्यानंच झालं. पन इचारते पयले हेच, का गाव कोनतं.

लगेच धावत येऊ नको. साहेबाले इचारून ये.

तुया बाप,
पुंजाजी

*

कातळवाडी
२० जानेवारी २०२४

प्रिय बाबा,

घरी आलो तेव्हा बोलता आलं नाही. मायला त्या मशीनवर पाहिलं, तिच्या हातावर फुगलेली ती शीर पाहिली. म्हणून इथून लिहितो. माझी एक किडनी मी मायला देणार आहे. माणसाला दोन असतात, एकीवर जन्म निघतो. तिला तुम्हीच सांगा. मी सांगायला गेलो तर ती फोन ठेवून देईल.

तिच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. शेवाळ वाहून जात नाही, कारण त्याची चकती खडकाच्या बारीक बारीक खाचांत बसलेली असते. पावसाळ्यात लाटा वरचं सगळं फाडून नेतात, चकती आणि तिच्यावरचा बुडखा तेवढा टिकतो. पाऊस सरला की त्याच बुडख्यातून कोंब येतात. कापलेल्या खडकावर आता तेच दिसतंय, बोटबोट कोंब. उपटलेला खडक मात्र तसाच आहे. त्यावर हिरवं बुळबुळीत काहीतरी धरलंय, ते दुसरंच.

सध्या ते फळायला आलंय. फांद्यांच्या बगलेत मिरीच्या घोसासारख्या बारीक गाठी येतात, त्यात अंडी. गंमत अशी की अंडी बाहेर आली तरी लगेच सुटत नाहीत. आईच्याच अंगाला चिकटून राहतात, तिथंच फळतात, आणि खडक धरण्याएवढी झाली की खाली पडतात. तीही फार लांब जात नाहीत, हातभर, दोन हात. क्वचित एखादी फळलेली फांदी तुटून फुग्यांवर तरंगत दूर निघून जाते आणि पोरं तिकडे टाकते. पण फळण्याआधीच सगळं काढून नेलं, तर त्या खडकावर पुढची पिढी नाही. म्हणून तो लाल खडक. व्यापाऱ्याच्या माणसाला हे पटत नाही. काल तो बायांसमोर मला म्हणाला, "साहेब, दर्याला रंग मारून तो तुमचा होतो का?" बाया हसल्या. मीही हसलो, पण रात्री जेवण गेलं नाही.

मायला समजवा.

प्रसेनजित

*

धामणखेड
११ फेब्रुवारी २०२४

चि. प्रसेनजित,

हे तुयी माय सांगून राह्यली अन् मी लिहून राह्यलो.

"लेकरा, तुया शेवाळाचं मी सारं ऐकलं. चांगलं वाटलं. बुडखा ठेवला त परत फुटते म्हन्तं तू. मंग तुयी किडनी कापून मले देली त तुले दुसरी फुटन का? फुटत असन त सांग, मी उद्या येतो. नाई फुटत त मले नको. तुयं लगन व्हाचं हाय. कोन्या पोरीचा बाप कापलेल्या पोराले पोरगी देईन? मले नाई पाह्यजे. माय, बनाबाई."

आता मायं. ती झोपली हाय.

मी मायी देतो म्हटलं त डॉक्टरनं वय इचारलं अन् मान हालवली. तू म्हनशीन, बाप पोराले मांगाले लाजत नाई. लाजतो. पन तुले एक मालूम नाई. कान गेल्यापासून मले कोनाचंच तोंड समजत नाई, एक तुया मायचं सोडून. चाळीस वरसं ते तोंड पाह्यलं म्हनून ते वाचता येते. बाकी सारे नुस्ते ओठ हालवतात. ती गेली त मले कोनी बोलनारच नाई.

तू ये. मी तिले मनावतो.

पुंजाजी

*

कातळवाडी
१८ मार्च २०२४

प्रिय माय,

खोटं सांगणार नाही. दुसरी फुटत नाही. पण उरलेली एक जोर धरते आणि दोघींचं बरंचसं काम करते. डॉक्टरांनाच विचार. आणि माझ्या लग्नाचं म्हणशील तर जी पोरगी एवढ्यासाठी नाही म्हणेल, ती तुला तरी सून म्हणून चालेल का?

जूनमध्ये इथं समुद्र बंद होतो. तेव्हा आपण तिघं संभाजीनगरला जाऊ, सगळ्या तपासण्या करू. तोवर मशीन चुकवू नकोस. महामायेनं मला सांगितलं, अंग दुखतं म्हणून तू दोनदा गेली नाहीस.

तुझा प्रसेनजित

*

कातळवाडी
१२ जुलै २०२४

प्रिय बाबा,

जूनमध्ये आपण केलेल्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांचा फोन आला होता. आमचं जुळत नाही. रक्ताच्या काही चाचण्या असतात, त्यात बसलं नाही म्हणाले. याला कोणाचा इलाज नाही. मायला नीट सांगा, तिनं वाईट वाटून घेऊ नये.

इथं पाऊस आहे. खडक दिसतच नाहीत, नुसता फेस. पंधरवडा झाला, घराबाहेर पडलो नाही. दिवाळीपर्यंत येणं होईलसं वाटत नाही, काम साचलंय.

प्रसेनजित

*

धामणखेड
४ ऑगस्ट २०२४

चि. प्रसेनजित,

तुया मायले सांगतलं. तिले बरं वाटलं. म्हने, सुटलं पोरगं. त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

पन मी तुले इचारतो. दवाखान्यात तुम्ही सारे बोलत होते अन् मी बाकावर बसलो होतो. बहिऱ्याले सारे भिताड समजतात. मले ऐकू येत नाई, दिसते. पोटाचा फोटो काढला तवा बाईनं तुयी एक बाजू पाह्यली, दुसरी पाह्यली, मंग मोठ्या डॉक्टरले बोलावलं. त्यानं परत पाह्यलं. मंग बाहेर आल्यावर त्यानं तुले खुर्चीवर बसवलं, तुया पँट वर केला, अन् नडगीवर आंगठा दाबून धरला. मायच्या पायावर हरडाव दाबतात तसा. देनाऱ्याचा पाय काऊन दाबते कोनी?

अन् तू मांगच्या खेपेले आला तवा तुया डोयाखाली सूज होती. मी म्हटलं परवासाची असन.

मी तुया बाप हाय. सीधं सांग. मी तिले सांगनार नाई.

पुंजाजी

*

कातळवाडी
१ सप्टेंबर २०२४

प्रिय बाबा,

हे पत्र मायला वाचून दाखवू नका. एकटे असताना वाचा.

तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे. रक्त जुळत होतं. माझ्याच किडन्या खराब निघाल्या. दोन्ही आकसल्यात, निम्म्याहून कमी काम करतात. डॉक्टर म्हणाले, देणं सोडा, आहे ते सांभाळा. औषधं वेळेवर घेतली, उन्हात राबलो नाही, मीठ तोडलं, तर बरीच वर्षं निघतील. कदाचित मशीन लागणारही नाही. कदाचित लागेल. नक्की कोणी सांगत नाही. लहानपणी कुठलं पाणी प्यायलात, हे मलाही विचारलं.

मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. तुम्ही दोघं खाली चहा पीत होतात. माझं मला इतकं वाटलं नाही. मायला द्यायला माझ्याकडे काहीच नाही, हे सहन होईना.

तुम्हीही रक्त तपासून घ्या. आणि जारचं पाणी संपलं म्हणून बोअरचं पिऊ नका, एक दिवससुद्धा.

जयवंतीकाकूला सांगितलंय. ती आता माझ्यासाठी वेगळं, अळणी कालवण करते आणि शेजारी बसून स्वतःही तेच खाते. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

प्रसेनजित

*

धामणखेड
१५ डिसेंबर २०२४

चि. प्रसेनजित,

तू जाऊन आठ दिस झाले. तुया मायच्या मांगचं सारं नीट पार पडलं. भंतेजी आले होते, सूत्रपठन झालं. तू होता तवा मी तुयासंग नीट बोललो नाई. आता लिहितो.

तिले मालूम होतं.

तुयं सप्टेंबरातलं पत्र मी आंगनात कडुनिंबाखाली बसून एकट्यानं वाचलं. ती घरात शेंगा सोलत होती. मी मनातच वाचलं, मायी अशीच समजूत. परवा महामाया रडत आली. तिनं कागदावर लिहून देलं: मोठेबाबा, तुम्ही मनात वाचता तवाबी आवाज निंगते, आमच्या घरालोक ऐकू येते. मले हे कोनी कधी सांगतलं नाई. कोनी कशाले सांगन? म्हाताऱ्याचं मन दुखन म्हनून.

म्हंजे दवाखान्यातल्या जिन्यालोक सारं तिनं माया तोंडून ऐकलं.

तिनं मले कायी दाखवलं नाई. पन तुले आठवत असन, आंधी ती मशीनचा कंटाया करे. मरू द्या म्हने. त्या दिसापासून एकबी खेप चुकली नाई. डॉक्टरनं सांगतलं तितकंच पानी मोजून पे. तोंड कडू झालं तरी भाकर गिये. मी मनात म्हनो, आता हिले जगाव वाटून राह्यलं, माया बोलन्याचा फरक पडला. महामायेले ती म्हने, पोराचंबी हेच व्हनार हाय त त्याच्यापाशी कोन बसन? बाप बहिरा. मले राहा लागन.

अन् तरी ताप आला, अन् तो उतरलाच नाई. शेगावहून तिले अकोल्याले नेलं, तथी गेली. दमली नव्हती. यावेळी ती दमली नव्हती, हे मले राहून राहून लागते.

मयतीच्या दिवशी महामाया तुया मांगंमांगं पान्याची बाटली घेऊन फिरत होती अन् तू तिच्यावर खेकसला. तिले तुया मायनंच सांगून ठेवलं होतं. मी गेली त त्याले बोलवा, पन आपल्या घरचं पानी त्याले पाजू नका.

म्या तुयं गुपित फोडलं. जानून नाई फोडलं. तू मले कायी म्हनू नको, म्हनशीन तरी मी ऐकून घेईन.

पुंजाजी

*

कातळवाडी
९ जानेवारी २०२५

प्रिय बाबा,

तुमचं पत्र खिशात घेऊन खडकावर गेलो आणि ओहोटी संपेपर्यंत तिथंच बसलो. तुम्हाला मी काय म्हणणार? तिला कळलं ते बरंच झालं, असं आता वाटतं. मी तिला खोटं सांगितलं होतं आणि ते खोटं घेऊन ती गेली, हे मला आयुष्यभर पुरलं असतं. महामायेला मी फोन केला. तिची माफी मागितली.

इथली हकीकत लिहितो, मायला ऐकायची असायची म्हणून.

मी तिकडे होतो तेवढ्यात लाल खडक साफ झाला. व्यापाऱ्याच्या माणसानं दुसऱ्या गावातून बाया आणल्या आणि सगळं चकतीसकट उपटून नेलं. यंदाचं फळण्याआधीच. जयवंतीकाकू आडवी गेली होती, तिला ढकललं, तिचा गुडघा अजून सुजलेला आहे. मी परत आलो तेव्हा ती दारात बसली होती. म्हणाली, "माका सांभाळूक जमला नाय रे झिला." मायचं कळल्यावर मग तिनं शेवाळाचं नावच काढलं नाही.

कापलेला खडक मात्र भरलाय. गेल्या हंगामात वीतभर ठेवलेल्या बुडख्यांतून दाट झुडपं आलीत, मांडीपर्यंत. पहिल्यापेक्षा थोडी कमी, पण आहेत. उपटलेल्या खडकावर दुसरं वर्ष लागलं तरी मोठं एकही झाड नाही, कालवं आणि हिरवं बुळबुळीत तेवढं. कापलेल्या खडकाच्या अगदी लगतच्या कडेला तेवढी नखाएवढी रोपं दिसतात, तिकडून पडलेली. गोगलगाई खातील, लाटा नेतील. त्यातली किती राहतील, सांगता येत नाही. राहिलीच तर फळायला अजून बराच काळ जाईल.

अहवाल पाठवून दिला. मार्चनंतर हे काम बंद होणार, असं वरून कळलंय. तब्येतीमुळे मला सड्यावरच्या, म्हणजे इथल्या वरच्या माळावरच्या, प्रयोगशाळेत बसून करायचं काम देतायत. सावलीतलं. मी हो म्हणालो. गावाकडे परत यायचं नाही, हे मायनंच घरचं पाणी बंद करून ठरवून ठेवलं होतं म्हणायचं.

तुमचं रक्त तपासलंत का? सप्टेंबरातही लिहिलं होतं, तुम्ही उत्तर देत नाही. मला भीती वाटते.

प्रसेनजित

*

धामणखेड
२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजित,

रक्त तपासलं. महामायेनं नेलं. मले कायी नाई. डॉक्टरनं दोनडाव कागद पाह्यला. अडुसष्ट वरसं हेच पानी पेलो, अन् मायी किडनी चांगली. तुयी माय गेली, तुयी अर्धी गेली, अन् मायी चांगली. मी त्याले कागदावर लिहून इचारलं का आता तरी मायी पोराले ठेवा, लागन तवा घ्या. त्यानं माया हात धरला अन् कायीतरी बोलला. महामायेनं लिहून नाई देलं, म्हनजे नाईच म्हटलं असन.

मंग मी इचार केला, द्याले कायी नाई त मी अथी बसून काय करतो?

म्हनून मी येऊन राह्यलो. घराची चाबी महामायेपाशी देली. शेळी तिलेच देली. तुया मायचं लुगडं एक घेतलं, बाकीचे वाटले. तुया त्या काकूले सांगजो का मले अळनी चालते, मायासाठी वेगळं कायी करू नये. शेंगाची चटनी घेतली होती, महामायेनं पिशवीतून काढून घेतली. म्हने, त्यात मीठ हाय.

एक कर. दाढी ठेवली असन त काढून टाक. मले तुयं तोंड वाचाले शिका लागन. तुया मायचं समजाले लय वरसं लागली होती, आता तितका टाइम नाई, म्हनून जरा सावकाश बोलजो.

गाडी सतरा तारखेले, सोमवारी निंगते. कोल्हापूरले बदलाची, महामायेनं कागदावर लिहून देलं हाय, तो कंडक्टरले दाखवीन. देवगडच्या स्टँडवर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचीन. तू उनात उभा राहून वाट पाहू नको. सावलीत बसजो. मी तुले हुडकून घेईन.

तुया बाप,
पुंजाजी